पेटी कोणत्या लाकडाची?

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा महाराष्ट्रातल्या इतर घरांसारखीच आमच्याही घरी त्यावर बरीच चर्चा झाली. ती महाराजांचीच का, तीन वर्षांनी परत का द्यायची, बंदोबस्त किती होता, सगळं बोलून झालं. ती आली कशात, हे मात्र कुणी विचारलं नाही. ऐन पावसाळ्यात, जेव्हा घरातल्या विळीला एका रात्रीत तांबेरा चढतो, तेव्हा पोलादाची एक जुनी वस्तू एवढा प्रवास करून येते, म्हणजे ती कुठल्या तरी विचारपूर्वक बांधलेल्या पेटीत बसूनच आली असणार. पण पेटीचं नशीब पालखीच्या भोयासारखं. देव पाहायला गर्दी होते, खांद्याकडे कोण बघतो?

बँकेत माझी सगळी नोकरी गेली. तिथं सेफ कस्टडीत लोक लाखेची मोहोर लावलेल्या पेट्या ठेवून जात. आत काय आहे हे आम्ही विचारायचं नाही. पेटी शाबूत, मोहोर शाबूत, म्हणजे आतला माल शाबूत, असा सरळ हिशेब. चित्रं आणि शिल्पं पाठवण्याच्या धंद्यात हा हिशेब चालत नाही, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तिथं पेटी शाबूत राहूनही आतली वस्तू बिघडू शकते, आणि बिघडते ती कित्येकदा पेटीमुळेच.

निवृत्तीनंतर मी भिवपुरीत राहायला आलो. कर्जत लोकलनं जाणाऱ्यांना ‘भिवपुरी रोड’ स्टेशन ठाऊक असतं. त्यातला ‘रोड’ हा रेल्वेचा प्रामाणिकपणा म्हणायचा, कारण मूळ गाव स्टेशनापासून बरंच लांब, घाटाच्या पायथ्याशी आहे, जिथं टाटांचं १९२२ सालचं वीजघर आहे. पाऊस इथं इंचांत मोजायला बसलं तर सहज शंभरी ओलांडतो. आषाढात कपाटातले बूट हिरवे होतात आणि पुस्तकांना कुबट वास लागतो.

आमच्या शेजारी एक चित्रकलेचे शिक्षक राहत. जे. जे. मध्ये शिकलेले, पण आयुष्यभर शाळेतच रमले. रविवारी रंगवायचे. ते गेले, तेव्हा मागं चाळीसेक चित्रं आणि आईच्या चेहऱ्याचं एक ब्राँझ शिल्प राहिलं. ब्राँझ ओतून घ्यायला पैसे लागतात. सरांनी त्यासाठी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेतली होती, त्यामुळे ते एकच. दुसरं ओतलं गेलं नाही. इंग्लंडमधल्या एका छोट्या कलादालनानं हे शिल्प आणि चार फूट बाय तीन फुटांचं, भातलावणीचं एक तैलचित्र सहा महिन्यांसाठी प्रदर्शनाला मागितलं. विमानभाडं आणि विमा त्यांचा, पेटी मात्र इथं बांधायची. सोबत पेटी कशी असावी याची दोन पानी यादी.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पाठवायला तयार नव्हत्या. त्याला कारण होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी सरांचं एक निसर्गचित्र परगावच्या प्रदर्शनाला गेलं होतं. कुणा पॅकिंगवाल्यानं स्वस्तातल्या प्लायवूडची पेटी ठोकून दिली होती. ऐन श्रावणात चित्र परत आलं, तेव्हा कॅनव्हासच्या मागच्या बाजूला बुरशी धरली होती आणि झाकणाचा एक खिळा कोपऱ्यातून आरपार गेला होता. सरांनी ते स्वतःच दुरुस्त केलं आणि नंतर एकही चित्र गावाबाहेर जाऊ दिलं नाही. त्यांना अजिंठ्याच्या प्रतिकृतींची हकीगत तोंडपाठ होती. जे. जे. च्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांत बसून केलेल्या त्या प्रतिकृती समुद्र पार करून सुखरूप लंडनला पोचल्या आणि त्यांतल्या कित्येक १८८५ साली तिथल्या आगीत जळाल्या. “गेलेलं चित्र परत आलं, तर ते आपलं,” असं सर म्हणत.

“पेटी नीट होणार असेल, तरच देईन,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी, तुम्ही जातीनं लक्ष घालाल का?”

म्हणून मी मिस्त्रींना गाठलं. हे आमच्या पट्ट्यातले जुने सुतार. दारं-खिडक्या करता करता काही वर्षं चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओतही काम करून आलेले, जिथं ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता. प्लायवूड आणि प्लास्टरच्या किल्ल्यांची खालापूरकरांना सवय आहे. मिस्त्रींना यादी वाचून दाखवली. ते म्हणाले, “साहेब, सेटला फक्त पुढची बाजू असते. ह्या पेटीला आतलीच बाजू महत्त्वाची दिसतेय.” दोन पानांचा मथितार्थ त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला.

आता थोडं प्लायवूडविषयी. लाकडाच्या ओंडक्यावरून काकडी सोलावी तसे पातळ पापुद्रे काढायचे, एकाच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या असे एकावर एक रचायचे, मध्ये चिकट रेझिन लावायचं आणि उष्णता देऊन दाबायचं. थरांची संख्या नेहमी विषम, म्हणजे दोन्ही बाजूंनी ताण सारखा राहतो आणि फळी वाकत नाही. सलग लाकूड रुंदीच्या अंगानं फुगतं, आकसतं आणि चिरतं. आडव्या-उभ्या थरांमुळे प्लायवूड ते फारसं करत नाही. म्हणून पेटीला हेच हवं.

आपल्याकडे हा उद्योग सुरू झाला तो मुळी पेट्यांसाठीच, आणि त्याही चहाच्या. भारतीय मानकांच्या यादीत अगदी वर, दहाव्या क्रमांकाचं मानक प्लायवूडच्या चहापेटीचं आहे. माझ्या वयाच्या वाचकांना वाण्याच्या दुकानातल्या त्या पेट्या आठवत असतील, कडांना पत्र्याची पट्टी आणि आत चंदेरी कागद. असल्याच ‘व्हेनेस्टा’ नावाच्या प्लायवूडच्या खोक्यांतून शॅकल्टननं १९०७ च्या अंटार्क्टिका मोहिमेला सामान नेलं. तिथल्या बर्फात त्याच्या माणसांनी १९०८ साली ‘अरोरा ऑस्ट्रॅलिस’ नावाचं पुस्तक छापलं आणि त्याला पुठ्ठे लावले ते ह्याच खोक्यांच्या फळ्यांचे. चहापेटीतला तो चंदेरी कागद मात्र लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

कर्जतच्या दुकानात आम्ही गेलो, तर दुकानदारानं आधी ‘कमर्शियल’ पुढे केलं. यातला रेझिन युरिया-फॉर्माल्डिहाइडचा. स्वस्त, फिकट रंगाचा, घरातल्या कोरड्या जागी चालणारा. नवं कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरतात ना, ते त्यातून निघणाऱ्या फॉर्माल्डिहाइडनं. दमट हवेत हा रेझिन हळूहळू सुटत जातो आणि वायू सोडत राहतो. या वायूचं फॉर्मिक आम्ल होतं, मुंगीच्या डंखात असतं तेच. शिवाय लाकूड स्वतः थोडं ॲसेटिक आम्ल सोडतं, म्हणजे व्हिनेगरमधलं. उघड्या हवेत याचं काही वाटत नाही. पण पेटी बंद, फटी बुजवलेल्या, आत वस्तू आणि प्रवास तीन आठवड्यांचा. मग?

मग काय होतं ते आपल्या आया-आज्यांना न शिकता ठाऊक होतं. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. आंबट पदार्थ आणि तांब्याची जात यांचं जमत नाही. ब्राँझमध्ये मुख्य धातू तांबंच. शिशाचं तर याहून वाईट, ते लाकडी कपाटात पांढरं भुकटीसारखं होऊन जातं. संग्रहालयांतल्या शिंपल्यांनाही ओकच्या खणात असाच रोग लागलेला आहे. १९७३ साली ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांनी यासाठी एक साधी परीक्षा बसवून दिली. काचेच्या बंद पात्रात संशयित लाकडाचा, कापडाचा किंवा रंगाचा नमुना, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांचे घासून चकचकीत केलेले तुकडे ठेवायचे. साठ अंश उष्णतेत अठ्ठावीस दिवस. धातू काळवंडला, तर त्या मालाला दालनात प्रवेश नाही. जगभरची संग्रहालयं आजही ही परीक्षा घेतात.

म्हणून पेटीला ‘मरीन’ प्लायवूड निवडायचं. लोकांना वाटतं, मरीन म्हणजे पाण्याला टिकणारं, एवढंच. त्यातला फिनॉलचा रेझिन पाण्याला टिकतो हे खरं, पण चित्रवाल्यांना त्याचा दुसराच गुण जास्त मोलाचा. तो पक्का बसतो आणि फॉर्माल्डिहाइड फारच कमी सोडतो. कापलेल्या काठावर त्याच्या गडद तपकिरी रेघा दिसतात.

दिसतात, पण रेघांवर विसंबून चालत नाही. रंग घालून फिकट रेझिनही गडद करता येतो. बँकेत असताना गहाण मालाचा साठा तपासायला मी लाकडाच्या वखारींतून फिरलो आहे. वरच्या थप्पीवर उत्तम माल आणि खाली भुसा, हे दृश्य मला नवं नाही. मिस्त्रींनी दुकानदाराकडून दोन कंपन्यांच्या ‘मरीन’चे तुकडे मागून आणले आणि थेट आमच्या स्वयंपाकघराचा रस्ता धरला. मानकाप्रमाणे मरीन प्लायवूड बहात्तर तास उकळलं तरी थर सुटता कामा नयेत. आमच्या घरच्या गॅसवर बहात्तर तास उकळण्याला सौ.ची परवानगी मिळणं शक्य नव्हतं. एक जुनं पातेलं आणि एक दुपार एवढ्यावर तडजोड झाली. पहिला तुकडा तीन तासांत पुस्तकासारखा उघडला. त्यावरचा शिक्का शेवटपर्यंत ठळक होता, हे सांगायला हवं. दुसरा संध्याकाळपर्यंत उकळूनही तसाच राहिला. मिस्त्रींनी त्यात पटाशी घालून पाहिली, तर लाकूड तुटलं पण सांधा सुटला नाही. ते समाधानानं म्हणाले, “हा बोलतो तसा आहे.”

पहिल्या तुकड्याचं आतलं लाकूड पॉप्लर होतं, म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. हरियाणातल्या यमुनानगरकडून येणारं बरंचसं प्लायवूड पॉप्लरचंच असतं, आणि मोनालिसासुद्धा पॉप्लरच्या फळीवरच रंगवलेली आहे. बिघाड झाडात नव्हता, रेझिनमध्ये होता. पॉप्लर हलकं आणि मऊ. पेटीला स्क्रू घट्ट धरणारं, जड जातीचं लाकूड आतपर्यंत असलेलं बरं, एवढंच. काठ उन्हात धरून थरांतल्या पोकळ्या पाहायच्या. बोटाच्या पेरानं टकटक करत सगळी शीट वाजवायची. मडकं वाजवून घेतो तसंच.

मग जाडीचा वाद. मिस्त्री सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. चार सूत म्हणजे साधारण बारा मिलिमीटर, तीन सूत म्हणजे नऊ. वहिनींच्या भाच्याचं म्हणणं, विमानानं जायचंय तर नऊचं घ्या, वजन वाचेल. ऐकायला बरोबर वाटतं. मी कागद-पेन्सिल घेतली, जुनी खोड. चित्राची पेटी बाहेरून १५० सेंटिमीटर लांब, १२० उंच, २५ जाड. बारा मिलिमीटरमध्ये तिचं प्लायवूड भरतं सदतीस-अडतीस किलो, नऊमध्ये अठ्ठावीस. म्हणजे नऊ-दहा किलो वाचले. पण विमानानं माल पाठवताना भाडं लागतं ते वजन आणि आकारमान यांत जे जास्त भरेल त्यावर. आकारमानाचा हिशेब म्हणजे तिन्ही मापांचा गुणाकार भागिले सहा हजार. इथं तो आला ७५ किलो. पट्ट्या, फोम आणि चित्र धरूनही चार सुती पेटी साठीच्या आतच राहत होती. म्हणजे नऊचं घ्या नाहीतर बाराचं, भाडं पंचाहत्तर किलोचंच! काटकसर करून हाती येणार होती फक्त एक कमकुवत पेटी. भाच्याला हा हिशेब पटला. कलादालनालाही कळवला, त्यांनी मान्य केला. शिल्पाच्या छोट्या पेटीला मिस्त्रींनी तळाला सहा सूत लावलं, कारण ब्राँझचं सगळं वजन तळावर येतं.

एका बाबतीत मात्र मिस्त्री दुखावले. कडेच्या पट्ट्यांसाठी त्यांनी पाडलेल्या एका वाड्यातला जुना साग जपून ठेवला होता. तो चालणार नव्हता. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये झाडं पोखरणारा एक आशियाई भुंगेरा सापडला. तो माल भरण्याच्या लाकडी खोक्यांतून आला होता. असल्या प्रकारांमुळे २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम झाला. परदेशी जाणाऱ्या पेटीतलं सलग लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं, नाहीतर मान्य पद्धतीनं धुरी दिलेलं हवं, आणि त्यावर गव्हाच्या लोंबीसारख्या चिन्हाचा शिक्का हवा. प्लायवूडला यातून सूट आहे, कारण ते बनतानाच उष्णता आणि दाबाखालून गेलेलं असतं. पट्ट्यांना नाही.

“ऐंशी वर्षांचा साग, साहेब. त्यात कसली कीड?”

“मिस्त्री, सागाचं वय कस्टमवाल्याला कसं कळणार?”

शेवटी शिक्क्याच्या पाइनच्या पट्ट्या आणल्या. मिस्त्रींनी त्या लावल्या, पण प्रत्येक पट्टीकडे परक्या पोरासारखं बघत. शेजारच्या पेण तालुक्यातून गणपतीच्या मूर्ती परदेशी जातात, सणाच्या कितीतरी महिने आधी आणि समुद्रमार्गे. लाकडी खोकं आलं की त्यांनाही हाच नियम. बाप्पालाही शिक्क्यातून सुटका नाही.

शीट आम्ही भाद्रपदात आणल्या आणि पेटी दिवाळीनंतर बांधली. मधले दोन महिने त्या माझ्या माडीवर, जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून आडव्या पडून होत्या. याला कारण आहे. लाकूड हवेतला दमटपणा पितं आणि नंतर सोडतं. भिवपुरीच्या पावसात ओलं झालेलं प्लायवूड तसंच बंद केलं, तर विमानाच्या थंड पोटात आणि विलायतेच्या हिवाळ्यात तो ओलावा जाणार कुठं? चित्रावरच. सरांच्या जुन्या चित्राला बुरशी धरली ती अशीच. रेझिनचा राहिलेला वासही या मुदतीत उडून जातो. घाईनं बांधलेली पेटी कितीही भारी लाकडाची असली तरी मी तिच्यात चित्र ठेवू देणार नाही, इतपत माझं मत आता पक्कं झालं आहे.

आणि आता तो चंदेरी कागद. चहावाल्यांना लाकडाचा वास चहाला लागू द्यायचा नव्हता, दमटपणाही नको होता. चित्रवालेही तेच करतात. मरीन असलं तरी ते लाकूडच, आम्ल थोडं सोडणारच. म्हणून पेटीला आतून ॲल्युमिनियमचा थर असलेलं प्लॅस्टिक लावायचं आणि सांधे इस्त्रीनं जोडायचे. वहिनींनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, “म्हणजे पेटीला कल्हईच केली म्हणा ना!” याहून नेमका शब्द मला सुचला नसता. कल्हईच्या आत पांढरा पॉलिथिलीनचा फोम. रंग फक्त बाहेरून, दोन हात, तोही फिका, म्हणजे उन्हात पेटी तापत नाही. झाकणाला खिळा एकही नाही. खिळा ठोकताना आणि उपटताना बसणारे दणके थेट कॅनव्हासला जातात, आणि परत येताना हीच पेटी परक्या माणसाला पुन्हा बंद करायची असते. मिस्त्रींनी झाकणाला अठ्ठावीस स्क्रू लावले, प्रत्येकाला आकडा घातला आणि तोच आकडा भोकाजवळ लिहिला. बाहेर बाण, छत्री आणि पेल्याच्या खुणा आल्याच. पोचल्यावर चोवीस तास पेटी उघडू नये अशी सूचनाही चिकटवली, म्हणजे आतलं हवामान बाहेरच्याशी हळूहळू जुळतं.

चित्र आणि शिल्प मार्गशीर्षात गेलं, पुढच्या ज्येष्ठात परत आलं. मधले सहा महिने ते तिकडे पेटीबाहेर होतं, हेही यादीत होतं. पेटी प्रवासापुरती, मुक्कामाला नाही. परत आल्यावर वहिनींनी आधी शिल्पाचा कपाळाचा भाग उजेडात धरून पाहिला, मग कानामागची खाच. हिरवी कळक कुठंही नव्हती. चित्राची मागची बाजू मी बॅटरी लावून पाहिली. कॅनव्हास कोरडा होता आणि त्यावर सरांच्या हातची पेन्सिलीतली तारीख जशीच्या तशी होती. स्क्रू सत्तावीसच परत आले. एकोणीस नंबरचा तिकडेच राहिला.

चार शीटमधून थोडं चार सुती उरलं होतं. इतकं पक्कं लाकूड वाया जाऊ नये म्हणून वहिनींनी मिस्त्रींना तांदूळ ठेवायला एक खोकं करून द्यायला सांगितलं. मिस्त्री सरळ नाही म्हणाले. “ह्यात रेझिन आहे, वहिनी. धान्याला नको.” त्यांनी त्याचं चपला ठेवायचं फडताळ करून दिलं. ते आता वहिनींच्या ओटीवर आहे. दोन पावसाळे झाले, अजून त्याचा एकही थर सुटलेला नाही.